कळप आणि काठी

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'कळप' या शब्दावर लेख मागितला, तेव्हा माझी आई माझ्या महाडच्या घरात बसून होती आणि जेवत नव्हती. लेखाची मागणी आणि आईचं न जेवणं एकाच पावसाळ्यातलं, आणि माझ्या डोक्यात ते आता वेगळं काढता येत नाही. म्हणून एकत्रच सांगते.

संपादकांची कल्पना तशी चांगली होती. जनावरांच्या समूहांना आपल्याकडे शब्द आहेत, कळप, थवा, झुंड, टोळी, तांडा. लेखक मंडळी ते खऱ्या जनावरांसाठी कुठे वापरतात आणि माणसांवर कुठे चिकटवतात, हे बघायचं आणि गमतीने लिहायचं. मी उभा जन्म मराठी शिकवलं. केळ्यांचा घड, किल्ल्यांचा जुडगा, गुरांचा कळप हे इतक्या मुलांकडून घोकून घेतलं की झोपेतही म्हणता येईल. पंधरवड्यात देते म्हणून मी ऐटीत सांगून टाकलं आणि घरातली पुस्तकं उपसायला बसले.

थवा हा लेखकांचा लाडका शब्द आहे असं दिसलं. पोपटांचा थवा तर असतोच, शिवाय मुलींचा थवा, आठवणींचा थवा, स्वप्नांचे थवे. थव्याला कुणी नावं ठेवत नाही, कारण तो उडून जातो आणि अंगणात शेण टाकत नाही. कळपाचं नशीब तसं नाही. खऱ्या गुरांचा कळप कथेत येतो तो संध्याकाळी, धूळ उडवत, आणि एका वाक्यात निघून जातो. दिवस मावळला हे सांगण्यापुरतंच त्याला बोलावलेलं असतं. बाकी सगळीकडे कळप म्हणजे आपल्याला न आवडणारी माणसं. मतदारांचा कळप, भक्तांचा कळप, पर्यटकांचा कळप, आणि विशेष करून दुसऱ्या गटातल्या लेखकांचा कळप. लिहिणारा स्वतः कधीच त्यात नसतो. तो कळप सोडून लांब कड्यावर उभा असतो, वाऱ्यावर केस उडवत. मी स्वतः अशी वाक्यं पुष्कळ लिहिली आहेत आणि त्यांना टाळ्याही पडल्या आहेत. मी लग्न केलं नाही, कुठल्या मंडळात गेले नाही, बिल्डिंगमधल्या शेजारणींची नावं मला आजही नीट येत नाहीत. ते माझ्या स्वभावाला बरं पडतं.

आईच्या तोंडून मात्र कळप हा शब्द मी कधी ऐकला नाही. लेख अडला तेव्हा मी तिला मुद्दाम विचारलं. ती गॅलरीत खुर्चीवर बसली होती, हायवेकडे तोंड करून. म्हणाली, ते पुस्तकातलं, आम्ही गुरं म्हणतो. गुरं सुटली, गुरं आली, बस. पुष्कळ गुरं एकत्र असतात हे वेगळं सांगायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. शब्द होता तो एकट्या राहिलेल्यासाठी. त्याला चुकार म्हणतात, असं ती म्हणाली. चुकार जनावर अंधार पडेतो सापडलं नाही तर सकाळी जाऊन त्याची हाडं आणायची. एवढं बोलून तिने पुन्हा तोंड हायवेकडे केलं.

आता हे सगळं जिथून सुरू झालं ते सांगायला हवं. पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या अलीकडे डोंगरात आमची वाडी आहे. घरं बरीच, चुली पेटतात त्या थोड्या. बाकीच्या दारांना कुलपं, माणसं मुंबईत, गणपतीला आणि शिमग्याला येतात तेव्हा उघडतात. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी राहायची. महाडला ये म्हणून मी वर्षानुवर्षं भांडले. तिचं उत्तर ठरलेलं असायचं, माझी राखण असते.

वाडीत पगारी गुराखी कधीच नव्हता. ज्याच्या गोठ्यात गुरं, त्याने आपल्या दिवशी सगळ्या वाडीची गुरं चारायला न्यायची, याला राखण म्हणतात. सकाळी घराघरातून गुरं सुटतात आणि देवळामागच्या मोकळ्या जागेत, गोठणीवर, जमतात. ज्याची राखण तो त्यांना डोंगरात घेऊन जातो. संध्याकाळी परत येताना एकेक जनावर आपापल्या दारात वळतं, सांगावं लागत नाही. राखणीची एक काठी असते. भरीव बांबूची, धरून धरून गुळगुळीत झालेली. आपली राखण झाली की घरी जायच्या आधी ती काठी उद्याच्या घराच्या दाराला टेकवून ठेवायची आणि एक हाक मारायची. तिला नाही म्हणायची सोय नाही. दुखत खुपत असेल तर काठी टेकवणाऱ्याला सांगायचं, मग तो ती उचलून पुढच्या दाराला नेतो, आणि थोड्या वेळाने कुणीतरी पेज घेऊन येतं.

या वयात आई काठी घेऊन डोंगर चढते म्हणून माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. पाय घसरला तर, साप निघाला तर, वाघ आला तर. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. फोनवर मी ओरडायचे आणि ती शांतपणे सांगायची की पांढरी आज जरा लंगडत होती, किंवा काळ्या बैलाने कुणाच्या तरी वालाच्या वेलात तोंड घातलं. मग रेंज जायची.

मागच्या थंडीत तिची गाय म्हातारपणाने गोठ्यातच गेली. ती तिच्याकडची शेवटची. दुसऱ्या दिवशी माझे चुलत काका, म्हणजे आमच्या शेजारच्या घरातले, तिच्या ओटीवर येऊन बसले आणि मायेनेच म्हणाले, "वयनी, आता गोठ्यात गुरू नाय तर राखण पण नाय. तुमी सुटलाव." वाडीतल्या सगळ्यांना बरं वाटलं. म्हातारी आयुष्यभर राबली, आता बसून खाईल. मला तर इतकं बरं वाटलं की मी फोन ठेवून देवाला हात जोडले, आणि मी देवाला हात जोडणाऱ्यांपैकी नाही.

आईला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. आता काठी काकांच्या दारातून निघायची ती आईच्या अंगणातून, तिच्या ओटीला लागून, न थांबता पलीकडच्या घराकडे जायची. नंतर तिनेच मला सांगितलं की सुरुवातीला ती संध्याकाळी दार उघडं ठेवून बसायची. एखाद्या दिवशी कुणी सवयीने विसरून काठी आपल्या दाराला टेकवेल, असं तिला वाटत होतं. कुणी विसरलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला तिला ताप आला. दोन दिवस तिचा फोन लागला नाही, मी म्हटलं रेंज नसेल. तिच्या दारावरून सकाळी गुरं गेली, संध्याकाळी आली. पूर्वी हाक मारणाऱ्याला ओ मिळाली नाही तर तो आत डोकवायचा. आता तिच्या दारात हाक मारायला कुणाला काही कामच उरलं नव्हतं. शेवटी मी गाडी काढून वर गेले तर ती चुलीपाशी जमिनीवर पडलेली, ओठ सुकून फुटलेले, डोळे उघडे. मला बघून तिने पाणी मागितलं नाही. कुणाची राखण आहे आज, असं विचारलं. वाडीतली माणसं धावत आली, बायका रडल्या. कुणाला दोष द्यावा असं काहीच कुणी केलं नव्हतं. मी तिला उचलून महाडला आणलं.

ताप चार-आठ दिवसांत उतरला. पण ती उठली नाही. म्हणजे उठायची, अंघोळ करायची, गॅलरीत बसायची, पण जगायचं तिने थांबवलंय हे मला रोज दिसत होतं. भाकरीचा एक तुकडा, दोन घास भात, पुढे पुढे तेही नको. डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले आणि सगळं छान आहे म्हणाले. मला त्या 'छान'चा इतका संताप आला की फाइल टेबलावर आपटूनच मी बाहेर पडले. बिल्डिंगमधल्या बायकांच्या भजनात नेऊन बसवलं, ती भिंतीकडे बघत राहिली. पाय दुखतात म्हणून जवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलं. तिथे तिने पाय सोडले, इकडेतिकडे पाहिलं आणि इथली गुरं कुठे चरतात एवढंच विचारलं. परत येताना गाडी चालवता चालवता मला रडू आलं. तिला ते दिसलं आणि तिने तोंड खिडकीकडे केलं.

अशात मी त्या लेखावर बसत होते. कळपाची मानसिकता, कळपाचं सुख, कळपातून फुटलेला एकटा. वाक्यं सरसर यायची आणि गॅलरीत बसलेल्या आईची पाठ दिसली की हात थांबायचा. आमच्या इमारतीसमोर हायवे आहे, आणि पावसाळ्यात मोकाट गुरं त्याच्या डांबरावर येऊन बसतात. तिथे जागा कोरडी असते आणि माश्या कमी. ट्रक त्यांना वळसा घालून जातात, कधी एखादं उडवतात. आई तासन् तास गाड्या बघते असं मला वाटायचं.

एक दिवस ताट तसंच परत नेताना माझा तोल गेला. तुला हवंय तरी काय, असं मी किंचाळलेच. ती जराही दचकली नाही.

"मला परत राखणीत घाल," ती म्हणाली.

आणि मला एकदम सगळं सोपं वाटलं. गाय घ्यायची. वाडीतच कुणाची तरी घ्यायची, आईच्या गोठ्यात बांधायची, राखण परत सुरू. डोंगरात पडली तर पडली. इथे भिंतीकडे बघत संपण्यापेक्षा ते बरं. संध्याकाळी काठी टेकवायला कुणीतरी येईल, हाक मारेल, ओ आली नाही तर आत बघेल. मी तिला सांगितलं की गाय ठरवूनच येते. त्या दिवशी तिने अर्धी भाकरी खाल्ली.

दुसऱ्याच दिवशी कशेडीच्या अलीकडे, वाडीच्या फाट्यापाशीच दरड आली आणि गाड्यांची रांग पोलादपूरपर्यंत लागली. रस्ता मोकळा व्हायला काही दिवस गेले. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आई रोज सकाळी विचारायची, रस्ता झाला का. रोज थोडं थोडं जेवायची. एकदा तर तिने मला सांगितलं की गाय घेताना शिंगं बघू नकोस, खूर बघ, तिला डोंगर चढायचाय.

रस्ता झाला त्याच सकाळी मी निघाले. वाडीत शिरले तर गोठणीवर टेम्पो उभा होता. रस्ता माझ्यासाठी उघडला तसा त्याच्यासाठीही उघडला होता.

टेम्पोच्या मागे फळी लावलेली आणि वाडीची सगळी गुरं गोठणीवर दाटीने उभी. अशा दृश्यासाठी पुस्तकातले सगळे शब्द माझ्याकडे तयार होते. पण ती एकमेकांच्या अंगाला अंग लावून, माना खाली घालून उभी होती, आणि आज अजून डोंगराकडे का निघालो नाही हे त्यांना समजत नव्हतं. टेम्पोबरोबर आलेले गडी एकेकीला दावं लावून बाजूला काढत होते. बाजूला काढलेली गाय फळीवर चढायला तयार नसायची. मागे वळून बाकीच्यांकडे बघायची आणि पाय रोवायची. मग दोघं-तिघं मिळून तिला रेटायचे. पांढरी गेली, काळा बैल गेला.

काका देवळाच्या पायरीवर पाठ करून बसले होते. मी काही विचारायच्या आधीच ते सांगत सुटले. आई होती तोवर चार घरं होती. तिचं नाव गेलं आणि राखण तीन घरांवर आली. त्यांचे गुडघे गेलेले. पलीकडच्या घरातली बाई सुनेच्या बाळंतपणाला मुंबईला निघालेली. उरलेलं घर एकटं किती ओढणार. वयनी होत्या तोवर जमत होतं, असं ते दोनदा म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग तिला काढलंत कशाला, मी विचारलं, आणि आवाज इतका चढला की टेम्पोवाला थांबून बघायला लागला. ती तर दार उघडं ठेवून बसायची.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "जिचं गुरू नाय तिला आमची गुरं राख म्हनून कसं सांगायचं, बाय? लाज वाटली आमाला."

"तिने मागितली असती तर?"

"राखण कोन मागतं?" ते म्हणाले.

 त्यांना सांगायची लाज वाटली, तिला मागायची, आणि तेवढ्यात गोठण रिकामी होत आली. मी तरीही वेड्यासारखी म्हणाले की एक गाय मला द्या, एक तरी राहू द्या. काकांनी मान हलवली. एकट्या गाईला कोण नेणार, कुठे चरणार, असं ते म्हणाले. शेवटी एक पाडी राहिली होती. ती मोकळ्या गोठणीवर गोल गोल धावत होती आणि हंबरत होती. तिला रेटावं लागलं नाही. बाकीची टेम्पोत दिसल्यावर ती आपणहून फळी चढून गेली.

टेम्पो गेल्यावर काकांनी देवळाच्या भिंतीला टेकवलेली काठी उचलली आणि माझ्या हातात दिली. वयनीला दे, म्हणाले. मग तोंड फिरवून घरात गेले.

घरी आले तेव्हा आई दारातच उभी होती. खोटं बोलायचं मी रस्ताभर ठरवत आले होते, पण तिच्यासमोर मला ते जमलं नाही. सगळी विकली, म्हणून सांगितलं. तिने एकेकीचं विचारलं. पांढरी? पाडी पण? मी प्रत्येकीला हो म्हणत गेले. मग ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. काठी मी तिला दाखवलीच नाही. रात्री गाडीतून काढून गॅलरीच्या कोपऱ्यात, झाडू आणि छत्र्यांच्या मागे उभी करून ठेवली.

त्यानंतरचे दिवस मला आठवायचेसुद्धा नाहीत. ती पेजही घेईना. मी रागावले, पाया पडले, चमचा तोंडाशी धरून बसून राहिले. ओठ मिटलेले. मोरीपर्यंत जायला तिला माझा खांदा लागायचा आणि तो खांदा धरणारा हात पोकळ लागायचा. वाडीतून कुणाचा फोन नाही, कारण विचारायला त्यांना तोंड नव्हतं. मला कुणाला फोन करावा तर असं कुणीच नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मला माझ्याच वाक्यांची भीती वाटली. एवढ्या मोठ्या बिल्डिंगमध्ये माझं दार आठवडाभर बंद राहिलं असतं तरी ते वाजवायला कुणी आलं नसतं. लेख नाही जमत असं मी संपादकांना कळवून टाकलं. ते म्हणाले तुमच्यासाठी काय अवघड आहे, दोन तासांचं काम. मी फोन ठेवून दिला.

डॉक्टर म्हणाले, सकाळी दाखल करा, सलाइन लावू, नाहीतर मग आमच्या हातात काही नाही. मी संध्याकाळी दवाखान्यात जाऊन खोलीचं ठरवून आले. वर आले तर दार सताड उघडं होतं आणि बिछाना रिकामा.

मोरीत नाही, गॅलरीत नाही. माझं धाबं दणाणलं. मी तशीच जिना उतरले. खाली वॉचमनने सांगितलं की आजी काठी घेऊन हायवेकडे गेल्या, त्याला वाटलं फिरायला.  मी पावसात धावत सुटले. हायवेवर दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या होत्या, हॉर्न वाजत होते, आणि मी मनाशी एकच म्हणत होते की रस्त्यावर काही पडलेलं दिसायला नको.

ती मधोमध उभी होती. भिजलेली, डोक्यावरून पदर घेतलेली, एका कंटेनरच्या दिव्यांच्या उजेडात. डांबरावर बसलेल्या गुरांना एकेक करून काठी टेकवून उठवत होती. मारत नव्हती, नुसती टेकवत होती. जीभ टाळूला लावून तो आवाज काढत होती जो मी जन्मापासून ऐकत आले आहे. आणि गुरं उठत होती. गळ्यात प्लॅस्टिकच्या दोऱ्या, कान फाटलेले, एकाचं शिंग मोडलेलं, कुणाचं कुणाशी नातं नाही अशी ती जनावरं तिच्यापुढे चालायला लागली. रस्त्याच्या कडेला एक बंद पडलेला ढाबा आहे, त्याच्या मागे पत्र्याची शेड आणि मोकळं रान. तिने सगळी तिकडे वळवली. मागे राहिलेल्या एका वासरासाठी ती पुन्हा रस्त्यावर आली तेव्हा मी तिला घट्ट धरलं.

मी काय काय बोलले ते मला सांगवत नाही. मरायचंय का तुला, वेड लागलंय का, मी काय करू आता, असं सगळं एकदम. मी तिला गदागदा हलवत होते आणि रडत होते, आणि मागचा कंटेनरवाला खिडकीतून डोकं काढून हिंदीत सांगत होता की आधी बाजूला तर व्हा. मला खरोखर वाटलं की तिच्या डोक्यावर परिणाम झाला. वाडीची गुरं समजतेय ती.

"आई, ही आपली गुरं नाहीत गं," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे अगदी स्वच्छ पाहिलं. "म्हाईत हाय मला. कुनाचीच नाय ती. सगळी चुकार हायत."

मग तिने माझा हात सोडवला आणि वासराला काठी टेकवली. मी हात वर करून गाड्यांसमोर उभी राहिले. दुसरं काही सुचलंच नाही. वासरू गेल्यावर आम्ही दोघी त्या शेडपाशी थांबलो. गुरं अंग झाडत होती, आणि हळूहळू एकमेकांच्या जवळ सरकत होती. आई त्यांच्याकडे बघत होती. तिला धाप लागली होती. मला वाटलं आता इथेच ती खाली बसणार आणि उठणार नाही. पण ती म्हणाली, चल, भूक लागली.

घरी तिने दीड भाकरी खाल्ली, वरण मागून घेतलं. मी भाजत होते आणि तव्यावरचं काही दिसत नव्हतं. तिचे पाय कोरडे केले, तिला निजवलं. सकाळी दवाखान्यात जायचं की नाही, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. उद्या ती पुन्हा हायवेवर जाणार हे मला दिसत होतं. नाही जाऊ दिलं तर पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, हेही दिसत होतं. एकात ट्रक होता आणि दुसऱ्यात उपास. या दोन्हींतून तिला वाचवायची तिसरी वाट मी छताकडे बघत शोधत राहिले आणि कधीतरी डोळा लागला.

उजाडताना जाग आली ती हाकेने. माझ्या खोलीच्या दाराशी, बाहेरून, जरा ओढून मारलेली, माझ्या लाडाच्या नावाची हाक, जी मी वाडी सोडल्यापासून ऐकली नव्हती. मी दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. आई परत जाऊन निजली होती, तिच्या खोलीतून खोकला ऐकू येत होता. माझ्या दाराला काठी टेकवलेली होती.

ताप आहे, अंग दुखतंय, काहीतरी सांगावं असं एकदा मनात आलं. माझं वयही काही कमी नाही, काल पावसात भिजलेलं अंग ठणकत होतं. सांगितलं असतं तर तिने हूं की चूं केलं नसतं. काठी उचलून पुढच्या दाराला नेली असती. पण पुढचं दार तिचंच होतं.

मी काठी उचलली आणि बाहेर पडले.